पेटीच्या झाकणावरचा ठेका

"थोरलीला व्हायोलिन शिकू दे. तू मशीनवर बस, तुझा हात बसलाय त्यावर!"

आईचं ते वाक्य इतक्या वर्षांनीही धाकटीला टोचे, शिवताना सुई बोटात शिरावी तसं... थोरली वाजवू लागली, शिकवू लागली, गल्लोगल्लीची मुलं तिच्या दारात रांग लावू लागली! आणि धाकटी? ती थोरलीच्या कार्यक्रमांच्या कपड्यांना अस्तर लावत राहिली.

म्हणून तर तिनं लेकीला थोरलीच्याच हाती सोपवलं होतं. मावशीकडचं सगळं घे, आणि एक दिवस मावशीलाच मागे टाक... ही असूया तिनं मायेच्या घडीत जपून ठेवली होती.

त्या दुपारी धागा तुटला, मशीन थांबलं. पण आतल्या खोलीतून मशीनचाच ठेका येत राहिला... टक टकाटक, टक टकाटक! तिनं दार ढकललं. व्हायोलिन पलंगावर पडलेलं, आणि लेक त्याच्या रिकाम्या पेटीवर बोटं नाचवीत, डोळे मिटून हसत होती. मशीनच्या खडखडाटात हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे!

"हे काय गं?"

"आई... मला व्हायोलिन नको. मला ड्रम शिकायचेत. मावशी म्हणाली, सोड खुशाल."

"मावशीला आधी सांगितलंस?"

"तू रडली असतीस ना!"

अंगाची लाही लाही झाली. गळ्यातली टेपही न काढता तिनं थोरलीचं घर गाठलं.

"माझं व्हायोलिन घेतलंस, ताई, आता लेकही घे!"

"घेतलं?" थोरलीनं विचारलं. "मला तरी कुणी विचारलं होतं? मी रडत सराव करायचे, आणि पलीकडे तू मशीनवर गुणगुणायचीस... त्या गुणगुणण्यावर जळायचे गं मी! म्हणून पोरीला म्हटलं, सोड."

धाकटी थिजली. आईनं केलं तेच आपणही... पोरीला विचारलंसुद्धा नाही!

तेवढ्यात लेक धापा टाकत दारात आली, व्हायोलिन पोटाशी धरून. "आई, रडू नकोस... वाजवीन मी. रोज वाजवीन!"

"नको, राणी. तू ड्रमच शीक." सुईनं खरखरीत झालेल्या बोटांनी तिनं ते व्हायोलिन हलकेच काढून घेतलं, पण खाली ठेवलं मात्र नाही.

"ताई... हिला हे कधी हवंच नव्हतं. मलाच हवं होतं. मला शिकवशील?"