धारकाचा नकार

तिसऱ्यांदा तांबडा दिवा लागला तेव्हा लेफ्टनंट रेवा तांडेलला हसावं की रडावं कळेना. सैनिकी रुग्णालयातल्या चौकशीच्या खोलीत समोर उभा होता पुठ्ठ्याचा माणूस. बंदूक रिकामी होती, नेम बरोबर होता, बोट चापावर होतं आणि तिच्या मनात दुसरा कसलाही विचार नव्हता. तरी बंदुकीवरच्या इवल्याशा पडद्यावर तेच दोन शब्द उमटले: धारकाचा नकार.

"बघा," चौकशी अधिकारी कर्नल खानविलकर म्हणाले, "पुठ्ठ्यावरसुद्धा हिचं मन धजत नाही. खिंडीत काय झालं असेल ते आलं ना लक्षात?"

खानविलकर माणूस वाईट नव्हता. फक्त बायकांना लढाऊ तुकडीत घेतल्यापासून तो असा एखादा पुरावा हाती लागायची वाट बघत होता, आणि आता पुरावा आपणहून चालत आला होता.

"पण नेमबाजीच्या मैदानावर काल हिचा एकही बार चुकला नाही," डॉ. यास्मिन काझी कपाळ चोळत म्हणाल्या. ही हेतुवेधी बंदूक त्यांनीच घडवली होती, त्यामुळे त्यांचा गोंधळ रेवापेक्षा फार कमी नव्हता. "मैदानावर चालते, इथे चालत नाही. यंत्राला जागा कशी कळेल?"

"मला एकदा नीट समजावून सांगा," कर्नल खुर्चीत टेकले. "ही चालते कशी?"

"नुसत्या बोटानं चालत नाही. मनाचा होकार लागतो. प्रत्येक सैनिकाच्या कानामागे कातडीखाली एक हेतुकण बसवलाय. अंगाच्या उबेवर चालतो तो. चाप ओढला की बंदूक त्या कणाला विचारते, माणसाला झिणझिण्या आल्यासारखं वाटतं. होकार आला तर बार उडतो, नकार आला तर काही झालं तरी उडत नाही. आणि कण चाळीस पावलांच्या पलीकडे असला तर ती त्याला विचारतच नाही. शत्रूनं हिसकावली तरी त्याच्या उपयोगाची नाही, ती फक्त धारकाला ओळखते. रोज हाताळून हाताळून ओळख पटते तिला."

"म्हणजे ती खोटं बोलत नाही."

"नाही."

खिंडीतल्या त्या सकाळपासून रेवा हेच स्वतःला विचारत होती. दाट धुकं होतं. उजवीकडच्या दगडाआडून एक सावली उठली, दोन्ही हात डोक्यामागे नेलेले, काहीतरी फेकायच्या बेतात. रेवानं चाप ओढला. ओढलाच. बंदूक गप्प बसली, आणि क्षणभरानं तोफगोळा पडला. सावली शत्रूच्या टेहळ्याची होती, त्यानंच तोफेला खूण दिली, तांडेल कचरली नसती तर हे टळलं असतं, असं सगळ्यांचं मत पडलं. गोळ्यानं रेवाची जोडीदारीण सगुणा वळवी उडाली. तिचं शिरस्त्राण लांब पडलेलं सापडलं, डोक्याला मार होता.

सगुणा आता याच सैनिकी रुग्णालयात होती. डॉक्टर म्हणत होते, शरीर आहे, आत कुणी उरलेलं नाही. आज दुपारी तिचे वडील श्वासयंत्र बंद करायला होकार देणार होते. रेवाला चौकशी संपेपर्यंत तिला भेटायची मनाई होती. मी खरंच आतून नको म्हणाले असेन का, माझ्या मनानं मलाच फसवलं का, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तिची वेणी सैल झाली होती. विचाराच्या तंद्रीत तिनं न बघताच बंदूक काझींच्या हातात दिली. "धरा जरा, मॅडम." मग एकदम ओशाळली. "माफ करा. सवय आहे."

"कसली सवय?"

"चौकीवर आम्ही रोज सकाळी एकमेकींची वेणी घालायचो. अंबाडा शिरस्त्राणात मावत नाही. एकीनं वेणी घालायची, दुसरीनं तोवर दोन्ही बंदुका सांभाळत बसायचं. सगुणाच्या वेणीला फार वेळ लागायचा, त्यामुळे माझी बंदूक तिच्याच हातात जास्त."

काझी खाली बसल्या. "किती दिवस?"

"सहा महिने झाले असतील."

"अगं, मग हिला दोन धारक आहेत," काझी म्हणाल्या. "आम्ही चाचण्या घेतल्या त्या सगळ्या पुरुषांवर. आपली बंदूक कुणी रोज दुसऱ्याच्या हातात देईल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. ही दोघींना विचारते. आणि एकीनंही नको म्हटलं तरी बार उडत नाही."

"म्हणजे खिंडीत नको कोण म्हणालं?" कर्नलांनी विचारलं.

"सगुणा."

"पण ती का अडवेल? शत्रू समोर असताना?"

रेवाचे हात वेणीवरच थांबले. दोन्ही हात डोक्यामागे, कोपरं बाहेर. समोरच्या काचेत तिला स्वतःचीच सावली दिसत होती, आणि ती सावली तिनं आधी पाहिली होती.

"त्या दिवशी घाई होती," ती कसंबसं म्हणाली. "मी तिची वेणी सैल घातली होती. शिरस्त्राण गोळ्यानं उडालं नव्हतं, सर. तिनंच काढलं होतं. ती केस बांधत होती. माझी नळी तिच्याकडे होती." मैत्रिणीला आपणच मारणार होतो, हे तिला एकदम सगळं कळलं.

कर्नलांनी चौकशीचे कागद मिटले. "टेहळ्या नव्हताच तर," ते म्हणाले. "तांडेल, तुझ्यावरचा ठपका गेला."

रेवाला त्या ठपक्याचं आता काही वाटत नव्हतं.

काझी मात्र बंदुकीकडेच बघत होत्या. "थांबा. तेव्हाचं कोडं सुटलं. मग आज कोण नको म्हणतंय?"

"कर्नलसाहेब, सगुणाला कुठल्या खोलीत ठेवलंय?"

"अतिदक्षता कक्षात. मागच्या बाजूला..." कर्नल पुठ्ठ्याच्या माणसामागच्या भिंतीकडे बघायला लागले. "या भिंतीपलीकडे."

"चाळीस पावलांच्या आत," काझी म्हणाल्या. "आत कुणी उरलं नसतं तर उत्तरच आलं नसतं. एकट्या रेवाच्या होकारावर हिरवा दिवा लागला असता, मैदानावर लागतो तसा."

"पण पुठ्ठ्याला ती नको का म्हणेल?"

"तिला पुठ्ठा दिसतोय कुठे?" रेवा म्हणाली. "तिला अंधार दिसतोय आणि झिणझिण्या येताहेत. समोर काय आहे ते दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही, हे तिनंच मला शिकवलंय."

कर्नलांनी घड्याळाकडे पाहिलं आणि टोपी तिथेच टाकून ते बोळातून धावत सुटले. या वयात, या पोटानिशी, सगुणाच्या वडिलांना हाका मारत.

रेवानं काझींच्या हातातून बंदूक घेतली, कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडे वळवली आणि चाप ओढला. तांबडा दिवा लागला.

"नको म्हण, सगुणा," ती रडत म्हणाली आणि तिनं पुन्हा चाप ओढला. "ते पोचेपर्यंत नको म्हणत राहा."

पुन्हा तांबडा दिवा लागला.