होऊन राहिली

ऑटोतून दुर्बिणीची नळी बाहेर ओढताना रश्मीनं मागे बघितलं नाही, आणि मागे नेमकं एका माणसाचं कपाळ होतं.

"बापा रे! मॅडम, तोफ घेऊन कुठं निघाल्या जी?"

"तोफ नाही, दुर्बीण आहे. आणि माणसानं जरा बघून चालावं."

"मी तर उभाच होतो," कपाळ चोळत तो म्हणाला. "माझ्याच दुकानासमोर."

रश्मीनं वर पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं, 'कॅमेरा, दुर्बीण, मिक्सर दुरुस्त करून मिळेल.' ज्याच्या शोधात ती कामठ्याहून गोंदियापर्यंत नळी मांडीवर घेऊन आली होती, त्याच्याच डोक्यात तिनं ती हाणली होती. सॉरी म्हणायला हवं होतं. पण तो हसत होता, आणि हसणाऱ्या माणसाला सॉरी म्हणणं तिच्या अगदी जिवावर यायचं.

रश्मी साताऱ्याची. शिक्षक भरतीत नंबर लागला तो थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला. दिवाळीनंतर कामठ्याच्या शाळेत रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात कोठीत ही दुर्बीण सापडली. कधीकाळी कुणी दानशूरानं दिलेली, आणि आता आत झाडू उभे केलेले! खिचडी शिजवणाऱ्या देवकाबाईंनी आतला आरसा पाहून प्रेमानं विचारलं, "राखेनं घासून देऊ का जी? परातीवानी चमकंल." रश्मीनं आरसा पोटाशीच धरला. मुख्याध्यापक टिकाराम सरांनी मात्र बजावलं होतं, कोठी रिकामी करायची आहे. महिनाअखेरपर्यंत दुर्बीण चालली तर शाळेची, नाहीतर भंगारवाल्याची. आणि इकडे सातवीच्या पोरांना 'गुरू ग्रह दाखवते' म्हणून ही बाई वचन देऊन बसलेली.

दुकानदाराचं नाव ओमेश्वर. घरची धानाची शेती कामठ्यालाच, पण जीव रमायचा भिंगांमध्ये. नागझिऱ्याच्या जंगलातले गाइड बुरशी चढलेल्या दुर्बिणी त्याच्याकडेच आणायचे. त्यानं आरसा काढून नळी आपटली, तसं मातीचं एक घर टपकन खाली पडलं.

"कुंभारीण माशीनं चाळच बांधली यात," तो म्हणाला आणि नळीच्या एका टोकाला डोळा लावला. दुसऱ्या टोकाला रश्मी. "आरसा पार आंधळा झाला, मॅडम. काहीच नाही दिसत. फक्त तुमी दिसून राहिल्या."

"मग ती दुसरीकडे वळवा," रश्मी म्हणाली. कान उगाच गरम झाले होते. "शनिवारपर्यंत होईल ना?"

"टेन्शन नका घेऊ जी."

त्या शनिवारी काही झाली नाही. पुढच्या शनिवारी आरसा डिस्टिल्ड पाण्यात भिजत होता. त्यापुढच्या शनिवारी एक स्क्रू लेथवाल्याकडे होता आणि लेथवाला साळीच्या, म्हणजे मेहुणीच्या, हळदीला गेला होता. दर वेळी ओमेश्वर चहा मागवायचा, दर वेळी रश्मी तो रागारागानं प्यायची. आणि दर वेळी... आरशावरची धूळ तो हलकेच फुंकायचा, तेव्हा त्याच्या पापण्यांकडे बघत बसायची. शुक्रवारी आपण आवर्जून निळ्या ड्रेसला इस्त्री करतो हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तर तिला स्वतःचाच संताप आला.

महिनाअखेर आली. तिनं वैतागून फोन लावला.

"दुर्बीण झाली का?"

"होऊन राहिली ना जी!" पलीकडून आवाज आला आणि रेंज गेली.

आता साताऱ्याच्या कानाला 'होऊन राहिली' म्हणजे काय? तर झाली, आणि न्यायला कुणी येईना म्हणून बिचारी राहिली! रश्मीनं जागच्या जागी उडी मारली. शनिवारी संध्याकाळी मैदानावर गुरुदर्शन, असं तिनं शाळाभर जाहीर केलं. टिकाराम सरांनी सरपंचांनाही बोलावलं. शुक्रवारी ती नवीकोरी पिशवी घेऊन दुर्बीण आणायला गेली, तर दुकानात नळी भिंतीला टेकलेली, आरसा पेपरवर आणि स्क्रू वाटीत.

"तुम्ही... तुम्ही म्हणालात, होऊन राहिली!"

"मंग? होऊनच राहिली! झाली थोडीच म्हटलं?"

"राहिली म्हणजे संपलं ना!"

"कायले संपंल? मी बोलून राहिलो, तुमी रागावून राहिल्या... संपलं का?"

रश्मीनं कपाळाला हात लावला. "उद्या अख्खं गाव येणार आहे! माझं हसं झालं तर एकवेळ चालेल, पण पोरं वाट बघतायत. दुर्बीण भंगारात जाईल, कळतंय का? मला तुमच्या तोंडून एक शब्द ऐकायचाय. झाली. दोनच अक्षरं!"

ओमेश्वरनं मान खाली घातली. "झाली म्हटलं का काम संपते, मॅडम," तो हळूच म्हणाला. "मंग तुमी इथं कायले याल?"

रश्मीनं रिकामी पिशवी काखेत मारली. मग "उद्या संध्याकाळी, कामठा," एवढंच म्हणून तरातरा निघाली. बसमध्ये खिडकीच्या काचेत तिला आपलाच हसरा चेहरा दिसला आणि तिनं तो रागानं पुसून टाकला.

शनिवारी मैदान भरलं. दिवस मावळला, थंडी पडली, पूर्वेला गुरू ठसठशीत उगवला. उगवला नाही तो ओमेश्वर. सर घड्याळ बघायला लागले. शेवटी एकदाची मोटरसायकल आली, मागे आईच्या गोधडीत गुंडाळलेली दुर्बीण.

त्यानं ती स्टँडवर चढवली. रश्मीनं डोळा लावला. गुरूच्या जागी सांडलेल्या दुधासारखा एक पांढरा डाग!

लोक कुजबुजले. टिकाराम सर जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, भंगारवाला सोमवारी येऊन राहिला बरं." या वेळी तिला क्रियापदाचा अर्थ बरोबर कळला.

"रस्त्यानं आदळली, आरसा हलला," ओमेश्वर घाईनं म्हणाला. "एकानं बघायचं, एकानं मागचे स्क्रू फिरवायचे. तुमी बघा."

"उजवीकडे घ्या."

"कोणाच्या उजवीकडं?"

"माझ्या!"

"तुमचं उजवं मले मागून कसं समजंल जी?"

"अहो, काय माणूस आहात! हे... इकडे!" एक डोळा दुर्बिणीलाच ठेवून तिनं हात मागे नेला आणि अंधारात त्याची बोटं धरून स्क्रूवर फिरवली. डाग आक्रसला. आणखी थोडं... आणखी... हात काढून घ्यायची आता गरज होती, पण दोघांनाही ते सुचलं नाही.

आणि गुरू उमटला. वाटोळा, अंगावर दोन तपकिरी पट्टे, शेजारी एका ओळीत चार चंद्र. इतके आठवडे ती केवढी चिडली होती, आणि आता तिला रडू येत होतं.

पोरांची रांग लागली. चार चंद्रांची गोष्ट ऐकून देवकाबाई डोळा लावत म्हणाल्या, "चार पोट्ट्यायमागं एक गुरुजी? मजा आहे बाप्पा! आपल्या शाळेत तर साठाले एक बी पुरत नाही." टिकाराम सर बराच वेळ दुर्बिणीपासून हलले नाहीत. मग खाकरून म्हणाले, "भंगारवाल्याले नको म्हणून सांगा."

रांग पुढे सरकत होती. रश्मी बाजूला ओमेश्वरजवळ येऊन उभी राहिली.

"झाली ना एकदाची?"

"होऊन राहिली जी. स्टँडचा एक नट बदलावा लागते. शनिवारी दुकानात..."

"देवा! या माणसाला आयुष्यात 'झालं' म्हणता येतं की नाही?"

"येते ना."

"मग म्हणा!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"झालं."

"काय झालं?"

"प्रेम, जी. कपाळाले नळी लागली... तवाच."

मैदानावर पोरांचा गलका चालू होता. रश्मीला खूप काही सुनवायचं होतं: चार शनिवार, तो लेथवाला, ती साळीची हळद. त्यातलं काहीएक तिला आठवेना.

"आणि... तुमचं?" त्यानं विचारलं.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"होऊन राहिलंय."

ओमेश्वर तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी तिच्याच सुरात, तिच्याच घाईनं त्यानं विचारलं,

"शनिवारपर्यंत होईल ना?"