बूस्ट लूपमध्ये लावल्यावर

त्या खोलीत एक अ‍ॅम्प होता, दोन गिटार, पाच केबल आणि आवाज वाढवणारं एक बूस्ट पेडल. माणसं दोनच, मी आणि वहिनी. आधी हे मोजून सांगतो, कारण पुढचं कोणी खरं मानत नाही. ऐकीव असतं तर मीही मानलं नसतं.

पण हे माझ्यासमोर घडलं. आमच्याच घरात, मागच्या खोलीत... आणि रात्रही नव्हती. रविवारची भरदुपार होती.

दादा उन्हाळ्यात गेला. तो बँडमध्ये गिटार वाजवायचा. बूस्ट कायम अ‍ॅम्पच्या आधी लावायचा, त्यामुळे सूर नुसता खरखरीत व्हायचा, मोठा व्हायचा नाही. ड्रमर त्याला चिडवायचा, की तुझा सोलो फक्त तुझ्या बायकोलाच ऐकू येतो. मी सांगून थकलो होतो. अ‍ॅम्पच्या पाठीमागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशा दोन जागा असतात, तो लूप. बूस्ट तिथे लावला, की सूर आहे तसाच राहतो आणि आवाज वाढतो. "परीक्षेत लिही हे," म्हणून तो हसायचा.

अ‍ॅम्प ड्रमरला द्यायचं ठरलं होतं. चालतो का बघा, असं वहिनीने सांगितलं. मी बूस्ट लूपमध्ये लावला. गिटार जोडलीच नव्हती.

पेडल दाबलं.

आधी नुसती घरघर... मग कोणीतरी घसा खाकरला.

"ऐकू येतंय का?"

कार्यक्रमाआधी दादा अगदी असंच विचारायचा.

वहिनी अ‍ॅम्पसमोर येऊन बसली. म्हणाली, "हो, येतंय."

काहीच नाही...

"ऐकू येतंय का?"

तिचं उत्तर त्याला पोचत नव्हतं.

त्यानंतर शाळेतून शिकवून आली, की ती अ‍ॅम्पसमोर बसायची. तो विचारायचा, ती उत्तर द्यायची. रोज बूस्ट थोडा वाढवायची. दादाचा आवाज स्पष्ट होत गेला. प्रश्न मात्र तोच.

ड्रमर म्हणाला, केबल रेडिओ पकडत असेल. शक्य होतं. मी सगळ्या केबल बदलल्या. शेवटी पेडलची बॅटरी काढली.

पेडलवरचा दिवा तसाच जळत राहिला...

बूस्ट स्वतः काही निर्माण करत नाही. तो कुठून तरी शक्ती घेतो आणि आवाजाला देतो. बॅटरी तर माझ्या हातात होती.

मग शाळेतून तक्रार आली. बाईंचं मागच्या बाकांवर ऐकू येत नाही. पुढे पहिल्या बाकावरही येईना. डॉक्टरांनी घसा तपासला. घसा ठणठणीत होता.

मी पेडल काढायला वाकलो, तर वहिनीने मनगट धरलं. इतकं हळू बोलली, की मला तिच्या ओठांकडे बघावं लागलं.

"भाऊजी, हात लावू नका. मी इथे आहे, एवढं त्याला एकदा कळू दे."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी पेडल उपटलं आणि फोडून टाकलं. अ‍ॅम्प गप्प झाला. वहिनीने मला एका शब्दाने विचारलं नाही. की विचारलं, आणि मला कळलं नाही... ते आजही सांगता येत नाही.

काल तिला ध्वनिमापकासमोर बसवलं आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगायला लावलं. तिचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या.

रिकामी खोली: एकतीस डेसिबल.

वहिनी बोलताना: एकतीस डेसिबल.