पलीकडची मूठ

ही गोष्ट खरी आहे. इश्बेल मॅकरे माझी शेजारीण. तिला थापा मारता येत नाहीत. माझ्या बायकोच्या केकबद्दल तिने एकदा खरं मत दिलं होतं, त्याचे परिणाम आम्ही अजून भोगतोय.

जागा : स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आमच्या किलव्हॅरी गावाचं जंगल. गावाचं म्हणजे खरोखर गावाचं. वर्गणी काढून जमीनदाराकडून विकत घेतलेलं. दर शनिवारी अख्खं गाव तिथे राबतं, आणि उरलेला आठवडा त्यावरून भांडतं.

वेळ : नोव्हेंबरातली दुपार. रात्र नव्हे. रात्र असती तर निदान काहीतरी सबब सांगता आली असती.

आदल्या आठवड्यातल्या वादळात बीच जातीचा एक म्हातारा वृक्ष मुळासकट उलथला होता. खोड पायवाटेवर आडवं. मुळांचा गड्डा मातीसकट भिंतीसारखा उभा, आणि त्याच्या पायथ्याशी खड्डा... माणूस सहज मावेल असा.

अशा झाडाची एक खोड असते. बुंधा कापला, भार सुटला, की तो गड्डा धाडकन परत आपल्या जागी बसतो. खड्ड्यात जे असेल त्याच्यावर. मागे एक मेंढी होती. नंतर तिला मेंढी म्हणणं अवघड होतं.

म्हणून आमच्याकडे रीत आहे. करवत लावण्याआधी एकाने ओरडायचं, "खड्डा?" दुसऱ्याने वाकून बघायचं आणि ओरडायचं, "रिकामा!"

त्या दिवशी इश्बेलसोबत टॉर्किल होता. तिच्या बहिणीचा, ऊनाचा नवरा. निघताना ऊनाने बजावलं होतं, "अख्खा परत आण गं त्याला. तुकड्यांत नको."

"अख्खा असूनही त्याचा उपयोग काय?" इश्बेल म्हणाली होती.

यंत्राच्या करवतीचा परवाना दोघांकडेही नव्हता. म्हणून दोन मुठींची जुनी लांब करवत. एक मूठ अलीकडे, एक पलीकडे. ही करवत ओढायची असते. आपण ओढायची, मग सैल सोडायची, पलीकडचा ओढतो. ढकलायची कधीच नाही. ढकलली की पातं वाकतं. इश्बेलचा नवरा अँगस जन्मभर ढकलत आला. तो गेला, पण पात्यातला बाक अजून आहे.

"खड्डा?"

"रिकामा! कोण बसणार तिथं, तुझा जमीनदार?" टॉर्किल पलीकडून ओरडला.

सुरुवात झाली. खोड छातीएवढं जाड, वर आयव्हीच्या वेलींचं रान. गुडघ्यावर बसलेला टॉर्किल तिला दिसत नव्हता. कानांवर लोकरी टोपी, वर वारा.

ओढ... सोड... ओढ... सोड...

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की काम फार छान चाललंय.

टॉर्किलसोबत काम छान कधीच चालत नाही. तो धापा टाकतो, गुडघ्यांना शिव्या देतो, चहाची चौकशी करतो.

आज काहीच नाही.

फक्त ओढ. संथ. एकसारखी.

"टॉर्किल, जिवंत आहेस ना रे?"

उत्तर नाही. करवत मात्र पलीकडे गेली... आणि परत आली.

रुसला असेल, असं तिने ठरवलं.

पातं खोल उतरत गेलं. गड्डा कुरकुरला. मातीचं एक ढेकूळ सुटून खड्ड्यात पडलं. आता थोडंच उरलं होतं...

आणि करवत थांबली.

तिने ओढली. येईना.

लाकडात अडकलेलं पातं कसं लागतं हे इश्बेलला ठाऊक आहे. मेल्यासारखं. हे तसं नव्हतं. हे कुणीतरी धरून ठेवलं होतं.

तिने जोर लावला. पलीकडूनही तेवढाच जोर आला.

"सोड की मेल्या! अंधार पडायला आलाय!"

तेवढ्यात टॉर्किलचा आवाज आला...

पलीकडून नव्हे.

खड्ड्यातून.

"इश्बेल, माझा चष्मा दिसतोय का गं तिकडे कुठे?"

तिच्या हातातली मूठ अजून ताणलेली होती.

"टॉर्किल, बाहेर ये."

"अगं, लघवीला आडोसा म्हणून आलो. सांगून आलो होतो तुला. वाकलो तर चष्माच..."

"बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

तिच्या त्या आवाजावर अँगसही हलायचा. टॉर्किल रांगत, पँट सावरत वर आला.

मूठ सैल झाली. हळूच. कुणीतरी बोटं उघडल्यासारखी.

खोड तडकलं. आपोआप. गड्डा कलला आणि धाडकन खड्ड्यावर बसला. पायाखालची जमीन हादरली.



टॉर्किल पांढराफटक पडला. "मला वाटलं तू एकटीच रेटतेयस. एकटीने संध्याकाळपर्यंत काय होणार, म्हणून मी निवांत होतो."

इश्बेल वळसा घालून पलीकडे गेली. तिथे भुसा पडला होता. तिच्या बाजूला होता तेवढाच. ताजा.

दोघांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला. "अँगस होता तो," टॉर्किल हळूच म्हणाला. "तुझी काळजी होती त्याला."

इश्बेलने पात्यावरचा भुसा पुसला.

"अँगस ढकलायचा," ती म्हणाली. "यानं एकदाही ढकललं नाही."

ऊनाला नवरा अख्खा मिळाला, चष्मा नाही. गावाच्या जंगल समितीने चौकशी केली आणि चष्मा गहाळ झाल्याची नोंद घेतली.

तेव्हापासून इश्बेलची एक अट आहे. पलीकडे जो असेल त्याने काम संपेपर्यंत गात राहायचं. टॉर्किल भसाड्या आवाजात गातो. झाडांना बोलता येत नाही, ही त्याची पुण्याई.

गेल्या शनिवारी दोघं बर्चचं एक पडलेलं झाड कापत होती. टॉर्किल गात होता. करवत चालू होती. गाणं मध्येच थांबलं.

"गा की रे!"

"अगं, नाक शिंकरतोय..."

आवाज तिच्या पाठीमागून आला. टॉर्किल तिथे उभा होता. दोन्ही हातांत रुमाल.

दोघांनीही करवतीकडे पाहिलं.

इश्बेलने मूठ सैल सोडली होती.

पातं पलीकडे गेलं... आणि तिच्या ओढण्याची वाट बघत थांबलं.