रोहिणखेडच्या लाइटीचं वेळापत्रक

काउंटरवर आलेलं आधार कार्ड अपेक्षानं हातात घेतलं आणि नाव टाइप करायला सुरुवात केली. तेजराव... गाव रोहिणखेड. बोटं तिथंच थांबली. जन्मवर्ष तिनं दोनदा वाचलं आणि मग मान वर केली.

समोर अठ्ठावीस वर्षांचा पोरगा उभा होता. उंच, उन्हानं रापलेला, थंडीमुळे कानाला रुमाल गुंडाळलेला. त्याच्या मागे बोंडअळीच्या नुकसानीचे अर्ज भरायला आलेल्यांची रांग पायरीखाली गेली होती. धामणगाव बढ्यात बसस्टँडला लागून तिचं ऑनलाइन सेंटर. त्या हिवाळ्यात शटर उचलायच्या आधीच लोक येऊन बसत. कपाशी वरून हिरवी, पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. रांगेतल्या प्रत्येकाकडे सांगायला तेवढंच होतं.

"रोहिणखेडात तेजराव नावाचे किती जण आहेत?" तिनं विचारलं.

"दोन होते. आजोबा गेले. त्यांचं नाव मले ठेवलं, आता मी एकच."

अपेक्षाचे कान गरम झाले. तेजराव म्हणजे कोणी म्हातारा, असं तिनं नावावरूनच धरलं होतं. दोन महिन्यांपासून ती याच माणसाला फोनवरच्या मेसेजमध्ये 'काका' म्हणत होती. काका, थंडीत सांभाळा. काका, कानाला रुमाल बांधा. काका, बीपीची गोळी असेल तर विसरू नका.

झालं होतं असं. धाड गावचे निवृत्त मास्तर महादेवराव मुलाकडे न्यू जर्सीला गेले. बाहेर बर्फ, घरात बोलायला कोणी नाही. तेव्हा त्यांनी जिल्ह्यातून बाहेर पांगलेल्या माणसांना आणि त्यांच्या गावाकडच्या मित्रांना फोनवर गोळा केलं आणि मेंढीकोटची स्पर्धा काढली. पत्ते फोनवरच वाटले जात. चौघं चार देशांत बसून खेळत, दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या. चारपैकी ज्या जोडीकडे दश्श्या जास्त, ती जिंकली. खेळणारे भरपूर मिळाले, पण सगळे एका वेळी जागे कधी असतात हे कोण पाहणार? मास्तर अपेक्षाच्या वडिलांचे, हिंमतरावांचे, जुने स्नेही. पोरगी दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते म्हणून त्यांनी ते काम तिच्याकडे दिलं.

तिनं एक रजिस्टर आखलं. न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे, शारजा दीड तास मागे, मेलबर्न साडेपाच तास पुढे. शेवटचा रकाना रोहिणखेडच्या लाइटीचा. तिथं शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असे, एक आठवडा रात्री. लाइट असली की तेजराव ओलितावर, पिकाला पाणी द्यायला. दिवसाच्या आठवड्यात ती त्याची मॅच रात्री नऊला ठेवी, तेव्हा मेलबर्नला रात्रीचे अडीच वाजलेले असत. रात्रीच्या आठवड्यात तो दुपारपर्यंत झोपे, म्हणून मॅच एकला, आणि मग न्यू जर्सीत अडीच वाजत. म्हाताऱ्या माणसासाठी एवढं करायलाच पाहिजे, असं तिनं सगळ्यांना पटवलं होतं.

"तुम्ही सांगितलं काऊन नाही?" तिनं आवाज खाली घेऊन विचारलं.

तो रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "काका म्हणत होत्या, पण रोज विचारपूस तर करत होत्या. माय गेल्यापासून रुमाल बांध म्हणणारं घरात कोणी नाही." तो हसला. "आणि तुम्ही काका म्हटलं असेल, म्या तुम्हाले एकदाही ताई म्हटलं नाही. पाहा वाचून."

तो गेल्यावर तिनं खरंच वाचून पाहिलं. हो. बरं. खेळू. जेवल्या का? ...ताई कुठंच नव्हतं.

संध्याकाळी ती रजिस्टर घेऊन बसली. म्हातारपणाचं कारण आता उरलं नव्हतं, तेव्हा वेळा बदलायला हव्या होत्या. तिनं पेन उचललं, तसंच धरून ठेवलं आणि टोपण लावलं. थंडी काही वय पाहून लागत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

त्यानंतर तेजरावची सेंटरवरची कामं फार वाढली. अर्जावर सही राहिली. फोटो जुना वाटतो. मग सातबारा, मग पुन्हा सातबारा. चौथ्यांदा तोच कागद मागितल्यावर एवढ्या सातबाऱ्यांचं काय करता, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, वावर किती आहे ते विसरून जातो. कधी तो पिशवीत बोरं आणायचा, कधी हिरवा हरभरा. रांगेत वेळ घालवायला सोलतो म्हणायचा आणि सोललेले दाणे काउंटरवर तिच्या बाजूला सरकवायचा. ती न पाहता उचलायची. रांगेतले म्हातारे एकमेकांकडे पाहायचे.

एका गोष्टीवर मात्र दोघंही बोलत नव्हते. तेजरावला लग्नासाठी तीन घरांतून नकार आला होता. वावर आहे, विहीर आहे, पोरगा सरळ आहे, पण शेतकरी आहे. आणि दिवाळीत अपेक्षानंच आईला, विमलबाईंना, ठणकावून सांगितलं होतं की कोणाला पण दे, कपाशी पेरणाऱ्याला देऊ नको. तिच्या घरीही कपाशीच होती. दर पावसाळ्यात आईचं आभाळाकडे पाहणं तिनं पाहिलं होतं.

मग पुण्याचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत होता आणि रविवारी अकरा वाजता पाहायला येणार होता. ही बातमी रांगेत पोचली, रांगेतून रोहिणखेडला गेली, आणि तेजराव यायचा बंद झाला. फोनवर वेळ कळवली की नुसतं 'बरं' यायचं.

त्याच आठवड्यात फायनल ठरवायची होती. एका बाजूला तेजराव आणि त्याचा शारजात एसी दुरुस्त करणारा बालमित्र अनस. दुसऱ्या बाजूला महादेवराव आणि सत्यभामाबाई. सत्यभामाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला गेल्या होत्या आणि नातवाला मांडीवर घेऊन खेळत. तेजरावचं खरं वय अनसनं हसत हसत त्यांना सांगून टाकलं होतं. त्यांचा आवाज ग्रुपवर आला आणि चार देशांतल्या माणसांनी तो ऐकला.

"अपेक्षा, बाई, काका म्हातारे आहेत म्हणून मी अडीच-अडीच वाजता उठली. आता समजते की म्हातारा अठ्ठावीस वर्षांचा आहे. मंग मी कायले उठू? तुह्या मनात काय आहे ते मनात ठेव, पण मॅच सगळ्यांच्या सोयीनं लाव."

खाली हसरे चेहरे येत राहिले. ग्रुपात हिंमतरावही होते. अपेक्षाला फोन उलटा करून ठेवावासा वाटला. पण बाईंचं म्हणणं खरं होतं. तिनं रजिस्टर काढलं, शेवटच्या रकान्यावर हात ठेवून तो झाकला आणि हिशेब केला. रविवारी सकाळी सहा. मेलबर्नला साडेअकरा, न्यू जर्सीत आदल्या संध्याकाळचे साडेसात, शारजात पहाटेचे साडेचार. सगळ्यांनी लगेच होकार दिला.

रोहिणखेडहून 'बरं' आलं.

दुपारी अनसचा फोन आला. लाइट रात्रीची आहे, सकाळी आठ वाजेपर्यंत. गव्हाला पाणी सुरू असताना तो बारे, म्हणजे वाफे, अर्धे सोडून खेळायला बसणार नाही, मॅच सोडून देतो म्हणाला. अनसनं तेवढ्यावर फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "मॅचचं जाऊ द्या. तो सगळंच सोडून द्यायले बसला आहे. तीनदा 'नाही' ऐकलं त्यानं. चौथ्यांदा विचारायची त्याची हिंमत नाही."

शनिवारी जेवणं झाल्यावर अपेक्षा वडिलांसमोर जाऊन बसली. "बाबा, उद्या पहाटे मले रोहिणखेडले सोडून द्या."

"उद्या पाहुणे येऊन राह्यले."

"त्यांना फोन करून नाही म्हणा."

विमलबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. हिंमतरावांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "मी बी त्याच ग्रुपात आहे. कधीचा पाहून राह्यलो. लाइट तिथली सरकते आणि मॅच सगळ्या जगाची सरकते. पण शेतकरी नको, हे तूच म्हणली होती."

"म्हणली होती. तेव्हा तेजराव माहीत नव्हते."

"आणि पुन्हा अळी पडली तं?" विमलबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीतीच होती.

अपेक्षानं आईकडे पाहिलं. "पडू शकते. मी रोज त्याचेच अर्ज भरते, आई. पण सेंटर माझं चालू राहील. आणि एकट्यानं पाहण्यापेक्षा दोघांनी पाहिलेलं बरं."

हिंमतराव उठले आणि पाहुण्यांना फोन लावायला बाहेर गेले.

पहाटे गव्हावर धुकं होतं. पाटाच्या काठी कंदील ठेवून तेजराव फावड्यानं माती ओढत होता. मोटारसायकल बांधापाशी थांबली आणि अपेक्षा उतरली, तेव्हा तो फावडं धरूनच उभा राहिला. 

"फोन काढा. पाच मिनिटं राहिली," ती सलवार वर खोचत म्हणाली. "बारे मी पाहते."

"पण आज तुमच्याकडे... अकराले..."

"ते येणार नाहीत. मी नाही म्हटलं."

त्यानं हिंमतरावांकडे पाहिलं. ते विडी पेटवत होते. त्यानं पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्या हातातलं फावडं घेतलं. घेताना बोटांना बोटं लागली, गार, चिखलानं माखलेली... आणि कोणीच हात लगेच मागे घेतला नाही.

मॅच सुरू झाली. तो बांधावर बसला खरा, पण नजर पत्त्यांवर कमी आणि गव्हावर जास्त. ती सवयीनं एकेका बाऱ्याचं तोंड फोडत, एकेकाचं बुजवत पुढे सरकत होती. हुकमाचा राजा हातात असताना त्यानं भलतंच पान टाकलं. शारजाहून अनस काय काय म्हणाला, ते लिहिण्यासारखं नाही. तीन दश्श्या सत्यभामाबाई घेऊन गेल्या.

फोन खिशात घालून तो तिच्यापाशी आला. उजाडलं होतं. तिच्या गालावर चिखलाचा एक शिंतोडा होता. तो पुसावा की न पुसावा, हे त्याला कळत नव्हतं.

"हरलो," तो म्हणाला.

"दिसत होतं."

"अपेक्षा..." त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "मले आजपर्यंत कोणी हाव म्हटलं नाही."

"तुम्ही मले विचारलं कुठं?"

त्यानं खोल श्वास घेतला. तिनं लगेच हात वर केला. "आता नाही. इकडे पाणी फुटून राह्यलं. आठ वाजता लाइट जाईल, तेव्हा विचारा."

मग दोघांनी मिळून उरलेले बारे भिजवले. तो माती ओढत होता, ती पाणी वळवत होती. आठ वाजता लाइट गेली आणि विहिरीवरची मोटार बंद झाली. एवढा वेळ चाललेला आवाज थांबला आणि वावरात पाखरं ऐकू यायला लागली. तेजरावनं हात धुतले, पँटीला पुसले आणि विचारलं.

"हाव," अपेक्षा म्हणाली.

हिंमतराव तिकडे पाठ करून विहिरीपाशी उभे होते आणि स्टार्टरच्या बंद पेटीकडे मोठ्या लक्षानं पाहत होते.