वच्छलाने उपटलेल्या खुंट्या

धुक्यात तिला आधी दिसले ते दोन पाय. मग कळलं, माणूस आहे... गवतावर पालथा पडलेला, एक डोळा मिटून, गाल जमिनीला लावून.

वच्छला सतरंज्या वाळत घालायला निघाली होती. थबकली.

"काय करून रायले जी? काही हरपलं का?"

"नाई. पाहून रायलो."

"काय?"

तो उठला. अंगावरचं दव झटकलं आणि तिच्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ. "आतावरी त जमीनच पाहत होतो."

वच्छलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

चोरखमाऱ्याच्या तलावाकाठचा हा गोल्फ बंगला. साहेब लोक देश सोडून गेले, तेव्हा गोंदियाच्या भातगिरणीवाल्यांच्या मंडळाने तो घेतला. आता इथे त्यांच्या बैठका भरत, मेळावे होत. वच्छलाचे वडील केवळराम खानसामा, आणि पाहुण्यांची सारी उठबस वच्छलाच्या हातची. चार दिवसांनी मोठी बैठक होती. गोल्फचा माळ मोडून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पाडायची का, ते तिथे ठरणार होतं. माळ गेला की बंगला जाणार, बंगला गेला की बापलेकीचं छप्पर जाणार.

मंडळाच्या चुन्नीलाल शेठांनी जमीन पाहायला माणूस पाठवतो म्हटलं होतं. तो हाच — ईश्वरदास, तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातला.

दिवसभर त्याने माळावर आखणीच्या खुंट्या ठोकल्या. दिवस कलताच वच्छलाने त्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा ठोकल्या, तिने पुन्हा उपटल्या. तो रागावला नाही, हेच तिला खटकलं. इतका गोड माणूस, पोटात काय घेऊन फिरत असेल?

तिसऱ्या सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"काल रानडुकरं आलती. साऱ्या खुंट्या उपटून गेली."

"इकडची डुकरं हुशार आहेत," वच्छला चुलीकडे पाहत म्हणाली.

"हाव. पण डुकराले पाच बोटं कधीपासून आली? मातीत पावलं दिसली."

वच्छलाने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तांदूळ निवडणाऱ्या रुख्माने सुपावर ताल धरला —

"पाहुना आला गं, बसला बांधावरी,
नजर धानावर, मन गं कोनावरी..."

"चूप बस वो रुख्मे!" वच्छला उसळली आणि त्याच्याकडे वळली. "शेठजीनं काय सांगून पाठवलं तुमाले? माळ मोडाले?"

"बैठकीत सांगीन."

"मले काऊन नाही?"

तो नुसता हसला. त्या हसण्यावरही तिचा विश्वास बसेना... आणि काम करता करता तेच हसणं पुन्हा पुन्हा आठवे, याचा तर फारच राग आला.

बैठकीच्या दिवशी दिवाणखाना पगड्या-टोप्यांनी भरून गेला. वच्छला चहाचा ट्रे घेऊन आत गेली, ती दाराशीच रेंगाळली.

"बोलो भाई," चुन्नीलाल शेठ म्हणाले, "तालाब का पानी ऊपर चढेगा ना?"

"नाई चढणार, शेठजी. माळ तलावाहून दोन माणसांएवढा उंच आहे."

"इंजन लगा दें तो?"

"इंजिनाच्या तेलात अख्खं पीक जाईल."

"पक्का बोल रहे हो?"

"पाण्याबद्दल आमच्या घरात कोणी खोटं बोलत नाही."

शेठांनी मिशीवरून हात फिरवला. "तो फिर रहने दो मैदान. बैठकें ही अच्छी हैं यहाँ."

ट्रेमधल्या कपबश्या किणकिणल्या. वच्छलाने ट्रे सावरला. छप्पर राहिलं होतं... पण व्हरांड्यात येईपर्यंत तिच्या मनात नवी शंका उभी राहिली. तो मागोमाग आला, तशी ती वळलीच.

"हे कधी समजलं तुमाले?"

"पयल्याच सकाळी. पालथा पडून उतार पाह्यला, तवाच."

"मंग खुंट्या कायले ठोकत होते?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने नजर खाली घातली. "ठोकल्या नसत्या... त तुम्ही उपटाले आल्या असत्या का?"

तलावावरून गार वारा आला, तरी वच्छलाचे कान तापले.

"लबाड!"

"पाण्याबद्दल नाही. बाकी... सोमवारी माहे बाबा येऊन रायले. तुमच्या बाबाशी बोलाले."

"खरंच येतील?"

"येतील."

"कोण कोण?"

"बाबा, काका... अन् मी आलो त चालते का?"

ती पाठ फिरवून निघाली. दोन पावलं गेली, थांबली. मागे न पाहता म्हणाली —

"तीन पानं मांडते. अन् एकही पान रिकामं राह्यलं त पाहा!"