पेटली का रे, हेझी?

काड्यापेटी? नाही रे बाबा, माझ्याकडे नसते. हा घे लायटर. शेकोटी पेटली की लगेच परत दे, मागच्या खेपेला दिलेला अजून आलेला नाही.

हसायला काय झालं? काड्यापेटी का ठेवत नाही ते सांगतो, पण आधी ते मोबाईल खाली ठेवा. आणि माझ्या चहात दोन चमचे साखर घाल गं पोरी. डॉक्टर इथे बघायला येत नाही.

आपला अ‍ॅम्ब्रोज तुम्हाला माहीत आहे. गेन्सबरो गावाच्या बाहेर, नदीकाठच्या रस्त्याला त्याचं आवार आहे. जुन्या कॅरॅव्हॅन, आपली ही चाकांवरची घरं, नव्यासारख्या करून देतो, तीस वर्षं हेच करतोय. कसलीही सडकी गाडी न्या, छताच्या गोलाईवरून हात फिरवणार आणि सांगणार, अमक्या कारखान्याची, तमक्या सालची. त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. काही वेळा मीही तिथे होतो, आणि शेवटचं तर माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्याला एका म्हाताऱ्याचा फोन आला. थ्रेलफॉल नाव, निवृत्त पोस्टमन, आपल्या फिरत्या रोमानी लोकांतला नव्हे. कुणा शेतकऱ्याने कोंबड्या ठेवलेली एक जुनी कॅरॅव्हॅन त्याने उचलली होती. म्हणाला, "ही कुठली ते ओळखून द्या आणि मुळात होती तशी करून द्या. उन्हाळ्यात बायकोला घेऊन समुद्रावर जायचंय." अ‍ॅम्ब्रोज पिकअप घेऊन गेला, गाडी ओढून आवारात आणली. रोजच्यासारखं काम.

कारखान्याच्या नंबराची पट्टी कुणीतरी उपटलेली होती. पण मधोमध उचललेलं छत, दोन तुकड्यांत उघडणारं दार, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या... अ‍ॅम्ब्रोजने चहा संपायच्या आत ओळखली. एकोणीसशे साठच्या आसपासची, आपल्या रोमानी लोकांसाठीच बनवायचे ती. फार थोड्या बनल्या. बायकोला म्हणाला, "अगं, आमच्या आईच्या गाडीची जुळी बहीण आलीय बघ!"

आता त्या माऊलीबद्दल सांगायला हवं. नाव मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. आजकाल तुम्ही लोक माणूस गेलं की त्याच्या गाडीचे फोटो टाकून ती विकायला काढता. आमच्यात असं नव्हतं. माणूस गेलं की गाडी जाळायची, आतल्या सामानासकट. कपबश्या फोडायच्या. नाव घ्यायचं नाही. इथलं घर संपलं म्हणजे ते माणूस मोकळं होतं, पुढे जातं. घर उभंच राहिलं तर ते जाणार कुठे?

म्हातारीला दोन मुलं. मोठा अ‍ॅम्ब्रोज आणि धाकटा हेझकाया, आपला हेझी. हेझी म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि एक नंबरचा आळशी. सकाळी बाहेरची चूल पेटवायचं काम त्याचं. म्हातारी आतून हाक मारायची, "पेटली का रे, हेझी?" आणि हा अंथरुणातूनच ओरडायचा, "पेटली, आई!" ती शाल गुंडाळून बाहेर यायची तर चुलीत कालची राख. मग ती अशी हसायची, अशी हसायची, की सगळ्या तळाला जाग यायची. खोटं बोलला म्हणून कधी बोट लावलं नाही तिने त्याला. तिथेच चुकलं, असं माझं मत आहे.

जाताना तिने हेझीचा हात धरला. मी तिथे होतो. म्हणाली, "माझी गाडी तू पेटवायची. तुझ्या हाताने. दुसऱ्या कुणाला काडी लावू देऊ नकोस." हेझीने आईच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

पंधरा वर्षं झाली त्याला. दफन झाल्यावर चौथ्या दिवशी, संध्याकाळी, शेताच्या टोकाला गाडी उभी केली होती. पडदे ओढलेले, आत तिच्या रजया. आम्ही सगळे लांब उभे. हेझीने काडी लावली, ज्वाळा छताच्या वर गेल्या, आणि तो आगीकडे तोंड करून ओरडला, "पेटली, आई!" अरे, आम्ही रडलो रे! हसता हसता रडलो. अ‍ॅम्ब्रोज तर जमिनीवर बसला.

हे लक्षात ठेवा आणि परत आवारात या.

अ‍ॅम्ब्रोज रंग खरवडायला लागला. एकावर एक सहा थर. वरचा हिरवा, त्याखाली पांढरा, मग फिकट पिवळा. तर हिरव्यावर, आतल्या बाजूला, स्टोव्हजवळच्या खिडकीच्या चौकटीपाशी, छोटे छोटे काळे डाग. काडीच्या डोक्याएवढे. त्याला वाटलं, कुणी विडीबाज राहत असेल. हिरवा काढला. पांढऱ्यावर तसेच डाग, त्याच जागी. पांढरा काढला. पिवळ्यावर तसेच. म्हणजे दर मालकाने डाग बघितले, वरून रंग मारला, आणि डाग पुन्हा आले.

कोंबड्या काड्या ओढत नाहीत.

थ्रेलफॉलला विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही हो. पण शेतकरी म्हणत होता, कोंबड्या महिनाभरसुद्धा टिकल्या नाहीत. दार उघडलं की पळायच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या फरशीवर एक जळकी काडी. तिसऱ्या दिवशी दोन. अ‍ॅम्ब्रोजने दाराला कुलूप घातलं, किल्ली उशाखाली घेतली. सकाळी पाच. आणि खिडकीच्या चौकटीवर नवा डाग, बोटाला काजळी लागेल असा ताजा.

मग तो कपाटाच्या दाराकडे वळला. आतल्या बाजूचा रंग हळूहळू काढला... आणि खालून एक पाखरू निघालं. गोल्डफिंच. पंख पिवळे, पाठ तपकिरी, आणि तोंड कोरं.

गोल्डफिंचचं तोंड लालभडक असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. हे पाखरू अ‍ॅम्ब्रोजने वयाच्या पंधराव्या वर्षी आईच्या कपाटात काढलं होतं, आणि तोंडापर्यंत येता येता लाल रंग संपला. आई म्हणाली होती, "राहू दे. अजून जेवलं नसेल ते."

अ‍ॅम्ब्रोज त्या कोऱ्या तोंडावरून बोट फिरवत राहिला. जुळी बहीण कसली! हीच ती. जी त्याने जळताना पाहिली होती, जिच्यापुढे आम्ही सगळे रडलो होतो, ती. हेझीने आदल्या रात्री तशाच घाटाची कुठलीतरी भंगार गाडी आणून उभी केली, वर आईच्या रजया टाकल्या आणि ती पेटवली. खरी गाडी जुन्या गाड्या जमवणाऱ्या कुणाला तरी विकली. कशासाठी? नवा पिकअप हवा होता म्हणून. मी कुणाच्या तरी भंगारापुढे रडलो, पोरांनो. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आणि ती आत होती. पंधरा वर्षं. मुलगा पेटवत नाही म्हणून स्वतःच काड्या ओढत होती. एकेक. दर रात्री.

अ‍ॅम्ब्रोजने पहिलं काम काय केलं असेल? स्वतःची राहती कॅरॅव्हॅन, वीस वर्षं मन लावून सजवलेली, ती थ्रेलफॉलला देऊन टाकली. म्हणाला, "तुमची मी परत देऊ शकत नाही. का ते विचारू नका." म्हातारा बिचारा गोंधळला, पण घेऊन गेला. अ‍ॅम्ब्रोजची बायको आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

मग त्याने हेझीला बोलावलं. नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार, संध्याकाळचे पावणेपाच वाजलेले. आपल्याकडे त्या दिवसांत तेव्हा मिट्ट काळोख असतो. वारा अजिबात नव्हता.

हेझी नेहमीसारखा मस्करी करतच आला. "काय दादा, खुराडं दाखवायला बोलावलंस होय?"

अ‍ॅम्ब्रोजने कपाट उघडलं आणि टॉर्च मारला. "हे पाखरू कुणाचं?"

"मला काय माहीत? कारखान्यात काढलं असेल."

"कारखान्यात? बिनतोंडाचं?"

हेझीने कपाटाचं दार लोटून दिलं. मग म्हणाला, "दादा, पंधरा वर्षं झाली. कुणाला कळलं नाही. कुणाचं काय बिघडलं?"

अ‍ॅम्ब्रोजने टॉर्च खिडकीच्या चौकटीवर नेला. एक डाग. दहा डाग. शंभर. "हिचं," तो म्हणाला.

अ‍ॅम्ब्रोजने दाराशी डिझेलचं फडकं टाकलं आणि काड्यापेटी त्याच्या हातात कोंबली. "तिने तुझ्या हातची काडी मागितली होती. लाव."

हेझीने काडी ओढली. विझली.

दुसरी. विझली.

वारा नव्हता, सांगितलं ना. तिसरी फडक्याला टेकवली. फडकं डिझेलने ओलं... आणि काडी विझली.

"दादा, पेटत नाही रे..."

आणि मग आतून...

खोकल्याचा आवाज. म्हातारीचा. सकाळी उठल्यावर यायचा तसा.

मग हाक.

"पेटली का रे, हेझी?"

अ‍ॅम्ब्रोज सांगतो, आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त विचारत होती. अजून भरवसा होता तिचा.

पेटीत चारच काड्या उरल्या होत्या. चारच. हेझीने आणखी एक ओढायला हवी होती. एक. कदाचित तीच पेटली असती. पण त्याने पेटी जमिनीवर फेकली आणि पळत सुटला. फाटकापाशी गेल्यावर, मागे न बघता, ओरडला...

"पेटली, आई!"

आतून या वेळी हसू आलं नाही.

अ‍ॅम्ब्रोजने पेटी उचलली. एक काडी ओढली. एकाच काडीत गाडीने पेट घेतला, छतापर्यंत. तो पहाटेपर्यंत तिथे उभा होता. सकाळी चाकांचा सांगाडा आणि राख. आत काही उरलं नाही.

झालं? मलाही वाटलं, झालं.

पण तिने काडी मागितली होती ती हेझीच्या हातची.

नाताळच्या आधी हेझीने आपली कॅरॅव्हॅन घाईघाईने विकली. का, ते कुणाला सांगेना. जानेवारीत कोरी करकरीत नवी आणली. मी बघायला गेलो. तुम्हाला माहीत आहे आपल्या लोकांची सवय, गाद्यांवरचं, पडद्यांवरचं प्लास्टिक महिनोन् महिने काढायचं नाही. तसंच होतं सगळं. चकचकीत. हेझी अर्धा झाला होता. मला म्हणाला, "काका, घरात काडी ठेवत नाही मी. खिशात नाही, गाडीत नाही, कुठेच नाही." आणि स्टोव्हजवळच्या खिडकीकडे बघेना.

मी बघितलं. पडद्याची कडा हातात घेतली. प्लास्टिक अख्खं होतं, कारखान्यातून आलं तसं, शिवण न् शिवण बंद.

काडीच्या डोक्याएवढा काळा डाग प्लास्टिकच्या आतल्या बाजूला होता.